औषधाची काचेची कुपी प्रवासात न फुटता, न गोठता कशी न्यायची?

इन्सुलिन, हार्मोनची इंजेक्शनं, सांधेदुखीवरची जैविक औषधं, वजन कमी करण्यासाठी हल्ली दिली जाणारी आठवड्याची इंजेक्शनं: घरच्या घरी सुई टोचून घेणारे आता पुष्कळ आहेत. यातली काही औषधं पेनमध्ये येतात, पण बरीच अजूनही रबरी बूच आणि वर ॲल्युमिनियमची पट्टी असलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत मिळतात. तिला व्हायल म्हणतात. आपण कुपी म्हणू.

प्रवासासाठी माणूस चांगला जाड प्लास्टिकचा डबा घेतो, आत फोम कापून बसवतो आणि निर्धास्त होतो. मग डबा टेबलावरून पडतो. डब्यावर ओरखडाही नसतो, आत मात्र कुपीच्या तळाशी चीर गेलेली असते. इतकी काळजी घेऊनही हे का होतं, हे समजलं की डबा कसा हवा तेही आपोआप कळतं.

काच नेमकी कुठे हार मानते?

औषधाच्या कुपीची काच बहुधा बोरोसिलिकेट असते. तापमानातले चढउतार ती साध्या काचेपेक्षा चांगले सोसते आणि औषधात फारशी विरघळत नाही. दाबाला ती भक्कम असते. ताणाला मात्र कच्ची, आणि काचेचा प्रत्येक तडा ताणातूनच सुरू होतो. हा ताण एकवटतो पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओरखड्यांपाशी. म्हणजे कुपीची ताकद काचेच्या जाडीइतकीच तिच्या अंगावर किती ओरखडे आहेत यावर ठरते.

म्हणून दोन कुप्या एकाच खणात शेजारीशेजारी ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. गाडीच्या हादऱ्यांनी त्या तासन्‌तास एकमेकींवर घासतात, काच काचेला ओरबाडते आणि नंतर अगदी किरकोळ धक्क्याने एखादी फुटते. वाळूचा कणही तेच करतो. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं, त्यामुळे फोमच्या खाचेत अडकलेला एक कण पुरतो. तडा बहुतेक वेळा दोन जागी जातो: भिंत तळाला मिळते त्या वळणावर आणि मानेखालच्या खांद्यावर.

पडल्यावर कुपीला किती जोर लागतो?

एक मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर सगळं अवलंबून आहे. जोराने आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, ते याच अंतरासाठी.

हिशेब सोपा आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर केलं, की कुपीवर तिच्या वजनाच्या सरासरी किती पट जोर आला ते कळतं. १० मि.ली.ची भरलेली कुपी साधारण २२ ग्रॅमची. कडक डब्याच्या तळाला ती थेट टेकलेली असेल, तर ती १ मि.मी.मध्येच थांबते: हजार पट, म्हणजे २२ किलो. तीच कुपी १ सें.मी.मध्ये थांबली तर शंभर पट, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. डबा तोच, उंची तीच, पण जोर दहापट कमी.

म्हणून केवळ मजबूत डब्याने कुपी वाचत नाही. डबा शाबूत राहतो, आणि शाबूत राहताना सगळा धक्का आत पोचवतो.

मग जाड, घट्ट फोम घातला की झालं ना?

नाही. घरी डबे बनवणाऱ्यांची आणि तयार डबे विकणाऱ्यांचीही सर्वाधिक चूक इथेच होते. फोम हातात घेतला की घट्ट फोम दर्जेदार वाटतो. पण धक्का शोषायचा तर फोम दबला पाहिजे, आणि २२ ग्रॅमची कुपी घट्ट फोमला दाबूच शकत नाही. मुलांच्या खेळाच्या चटईचा, चपलेच्या तळव्याचा असतो तो ईव्हीए फोम याचं ठळक उदाहरण. कॅमेऱ्यासारख्या जड वस्तूला तो चालेलही; कुपीसाठी तो जवळजवळ लाकूडच.

उलट टोकाला, अगदी लुसलुशीत स्पंजही उपयोगाचा नाही. कुपी त्यातून थेट तळापर्यंत जाते आणि शेवटच्या क्षणी कडक डब्यावर आदळते. कोणताही फोम स्वतःच्या जाडीच्या निम्म्याच्या थोडं पुढेपर्यंत चांगलं काम करतो, त्यानंतर तो चेपून दगडासारखा होतो. तेव्हा १ सें.मी. थांबण्याचं अंतर हवं असेल तर फोम २० ते २५ मि.मी. जाड घ्यावा लागतो.

योग्य फोम ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कुपी आडवी पडते तेव्हा फोमवर तिची सावली सुमारे १० चौ. सें.मी.ची असते. तेवढाच, म्हणजे २४ × ४२ मि.मी.चा लाकडी ठोकळा २५ मि.मी. जाडीच्या फोमवर ठेवा आणि तोल सांभाळून त्यावर २ किलो वजन ठेवा. २ लिटर पाण्याची भरलेली बाटलीही चालेल. ठोकळा २-३ मि.मी.च रुतला तर फोम फार घट्ट. तळाला जाऊन टेकला तर फार मऊ. १० ते १४ मि.मी. रुतला तर हाच फोम घ्यायचा.

कुपी उभी पडते तेव्हा मात्र फोमला भिडतो फक्त तिचा गोल तळ, अवघा साडेचार चौ. सें.मी.चा. जोर तोच आणि जागा निम्म्याहून कमी, त्यामुळे बाजूंना योग्य ठरलेला फोम तळाशी मऊ पडतो. तळासाठी २१ मि.मी. चौरस ठोकळा घेऊन तीच चाचणी पुन्हा करायची. उत्तर बहुधा असं निघतं की तळाचा थर भिंतींपेक्षा थोडा घट्ट हवा. सगळीकडे एकच फोम वापरायचा असेल तर तळाची जाडी वाढवावी.

फोमचा प्रकारही पाहायला हवा. गादीत असतो तो पॉलियुरेथेन फोम उघड्या छिद्रांचा असतो. धक्का तो छान शोषतो, कारण दबताना आतली हवा बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढा तो अधिक टणक होतो. पण तो पाणी पितो आणि काही वर्षांत भुरभुरीत होतो. बंद छिद्रांचा पॉलिइथिलीन फोम पुसता येतो, औषध सांडलं तरी शोषत नाही आणि उष्णताही चांगली अडवतो. औषधासाठी मऊ प्रतीचा पॉलिइथिलीन मला जास्त भरवशाचा वाटतो. मात्र तो विकत घेताना 'मऊ' एवढ्यावर विसंबू नये, ठोकळा ठेवून बघावं.

खाच, भिंत आणि झाकण

कुपीचं माप व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या सरकत्या पट्टीने घ्यावं, कारण एकाच आकारमानाच्या कुप्याही कंपनीगणिक वेगळ्या असतात. १० मि.ली.च्या कुपीचा व्यास बहुतेकदा २४ मि.मी.च्या आसपास असतो, २ मि.ली.च्या कुपीचा १६. खाच त्याहून १ मि.मी. लहान ठेवायची, फोम कुपीला सगळीकडून अलगद धरतो आणि ती आत खुळखुळत नाही. खाच याहून तंग केली तर कुपी काढताना मान धरून ओढावी लागते, आणि नेमकी तिथेच ती नाजूक असते.

दोन खाचांमध्ये निदान १२ मि.मी. फोम हवा. बाहेरच्या डब्यापर्यंत २० ते २५.

कुपी तिच्या अंगाने धरली गेली पाहिजे. झाकण बंद केल्यावर वरचा फोम टोपणावर दाब देत असेल, तर डबा उलटा पडताच सगळा जोर टोपणातून मानेवर येतो. वरच्या फोममध्ये टोपणाएवढी पोकळी कोरावी, म्हणजे झाकण खांद्यावर हलकेच टेकतं आणि टोपण मोकळं राहतं. रोज वापरातली कुपी असेल तर बुचाला सतत फोम चिकटून राहणं स्वच्छतेच्या दृष्टीनेही बरं नाही.

सिरिंज आणि सुया वेगळ्या खणात. वापरलेल्या सुयांसाठी टोचणार नाही असा कडक, झाकणाचा छोटा डबा हवाच.

फोम इतकं करतो, तर कडक डबा कशाला?

पिशवीत डब्यावर पुस्तकं, चार्जर, छत्रीचं टोक असं काय काय येतं. फोमला टोकदार दाब अडवता येत नाही. तो डब्याने अडवायचा आणि मोठ्या जागेवर पसरवायचा. २ ते ३ मि.मी. जाडीचं पॉलिप्रॉपिलीन किंवा एबीएस प्लास्टिक पुरेसं आहे. कोपरे गोल हवेत, कारण टोकदार कोपऱ्यावर पडलेला डबा तिथूनच फाटतो. कडीवरही लक्ष हवं. एकच कडी असलेले डबे बाजूवर आपटले की उघडतात आणि कुपी बाहेर फेकली जाते. दोन कड्या किंवा फिरकीचं झाकण घ्यावं.

थ्री-डी प्रिंटरवर असे डबे बनवणारे बरेच आहेत. त्यात दोन अडचणी वारंवार दिसतात. एक, कुपी थेट कडक प्लास्टिकच्या नळीत बसवलेली असते, म्हणजे वरचा हजार पटीचा हिशेब लागू. दुसरी, पीएलए हे सर्वांत सोपं प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत डॅशबोर्डवर तेवढं तापमान होऊ शकतं. पीईटीजी जास्त उष्णता सोसतं. डबा त्याचा आणि आतलं अस्तर फोमचं, अशी विभागणी ठीक.

फुटली नाही, पण गोठली तर?

फुटलेली कुपी दिसते. गोठून पुन्हा वितळलेली दिसेलच असं नाही, आणि म्हणून ती अधिक धोक्याची. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की त्यातले प्रथिनांचे रेणू एकमेकांना चिकटतात, आणि वितळल्यावर ते पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी त्याच्या परिणामाचा भरवसा राहत नाही. ते टाकूनच द्यावं लागतं. अनेक जैविक औषधांचं आणि ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसींचंही तसंच. शिवाय पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे काच तडकण्याची भीती वेगळीच.

घरच्या फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक उणे १८ अंशांच्या आसपास असतो. तो कुपीला चिकटवून ठेवला की औषध गोठलंच म्हणून समजा. लसीकरण करणारे आरोग्य कर्मचारी पॅक आधी बाहेर ठेवतात. पृष्ठभागावरचा पांढरा थर जातो, पॅकला घाम सुटतो आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागतो. आता पॅक शून्य अंशाला आलेला असतो. एवढं करूनही पॅक आणि कुपी यांच्यात ८ ते १० मि.मी. फोमचा पडदा ठेवावा. ५ अंशांच्या आसपास वितळणारे खास पॅकही मिळतात. ते पूर्ण गोठलेले असले तरी ५ अंशांवर आल्यावर तिथेच टिकून राहतात, पण फ्रीझरमधून काढल्याबरोबर तेही उणेच असतात. वाट त्यांच्यासाठीही पाहावी लागते.

पॅकची एक बाजू जवळजवळ सगळेच विसरतात: तो जड असतो. ३०० ग्रॅमचा पॅक डब्यात सुटा असेल आणि डबा पडला, तर शंभर पटीच्या हिशेबाने तो शेजारच्या कुपीवर ३० किलोच्या जोराने येतो. फोम निवडला होता २२ ग्रॅमसाठी, आणि घाव बसतो हातोड्याचा. पॅकसाठी डब्याच्या भिंतीला पक्का जोडलेला कडक कप्पा हवा, म्हणजे त्याचा भार डबा पेलतो, कुपी नाही.

थंडावा किती तास टिकतो?

आतली मोकळी जागा १० × ८ × ६ सें.मी. आणि सगळीकडे २० मि.मी. फोम धरू. बाहेर ३५ अंश आणि आत ५ असताना सुमारे ३ वॅट उष्णता आत झिरपते. ३०० ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे १०० किलोज्यूल लागतात. भागाकार केला की साधारण ९ तास येतात, तेही कागदावर. झाकणाची फट, दर उघडझाप आणि उन्हात ठेवलेली पिशवी यांनी ते सहज निम्म्यावर येतात. नियोजन ५-६ तासांचंच करावं.

प्रत्येक प्रवासाला बर्फ लागतोच असंही नाही. बऱ्याच इन्सुलिनच्या उघडलेल्या कुप्या खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ किंवा ३० अंशांखाली, सुमारे चार आठवडे चालतात. नेमका आकडा आपल्या औषधाच्या माहितीपत्रकातूनच घ्यायचा. दोन दिवसांच्या प्रवासात वापरातली कुपी बर्फात घालून गोठवण्यापेक्षा फक्त उन्हापासून आणि उष्णतेपासून जपणं जास्त सुरक्षित.

पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या बाष्पीभवनावर चालतात. कोरड्या हवेत त्या चांगलं काम करतात, दमट हवेत कमी, आणि हवाबंद डब्यात मुळीच नाही, कारण वाफ जायला वाटच नसते. त्यांनी २ ते ८ अंशही मिळत नाहीत. त्या फक्त कडक उन्हाळ्यात औषध खोलीच्या तापमानाला राखतात.

विमानात दाबाने कुपी फुटेल का?

नाही. केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, तेवढा फरक बंद कुपी सहज सोसते. अडचण येते हवाबंद डब्याची. जमिनीवर बंद केलेल्या १२ × १० सें.मी.च्या झाकणाला आतून सुमारे ३० किलोचा रेटा येतो आणि कच्ची कडी निसटते. वर असताना बंद केला तर उतरल्यावर झाकण तितक्याच जोराने चिकटून बसतं. रबरी पट्टी लावलेल्या डब्याला १ मि.मी.चं छिद्र किंवा दाब सोडणारी झडप हवी. कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तर हवाबंद डब्यात कधीही ठेवू नये, तो वायू होऊन डबा फोडतो.

विमानात कुपीतून औषध ओढताना नेहमीइतकी हवा आत ढकलू नये. आतला दाब आधीच जास्त असतो, औषध उसळून सिरिंजमध्ये येतं आणि मात्रा चुकू शकते. डबा नेहमी हातातल्या सामानात. खालच्या मालकक्षात तापमानाचा भरवसा नाही, आणि सामान हरवलं तर औषधही गेलं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि औषधाच्या खोक्याची नाव, बॅच आणि मुदत छापलेली बाजू कापून झाकणात सरकवावी. थंड कुपीवर दव जमून लेबलची शाई पसरली तर तेवढाच आधार.

डबा चांगला आहे हे कळणार कसं?

आपटून. रिकाम्या कुप्या रंगीत पाण्याने भरा, वजन खऱ्या कुपीइतकं झालंय ना ते तोला आणि डबा १ मीटरवरून पक्क्या फरशीवर दहा वेळा टाका. पॅकेजिंगच्या चाचण्यांत रूढ असलेला क्रम असा: आधी सर्वांत कमजोर कोपरा, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडा, मग सहाही बाजू. पॅकसह टाका, कारण पॅकशिवाय पास झालेला डबा पॅकसह नापास होऊ शकतो. दर वेळी कुपी प्रखर उजेडात फिरवून तळाचं वळण आणि खांदा बघा, पांढऱ्या टिशूने पुसा, रंग लागतोय का पाहा. कडी एकदा जरी उघडली तरी डबा नापास.

तापमान मोजताना थर्मामीटरचं टोक डब्यातल्या हवेत ठेवू नये. ते पाण्याने भरलेल्या कुपीत बुडवावं, कारण आपल्याला औषधाचं तापमान हवंय. एक नोंद पॅकजवळच्या कुपीत, एक सर्वांत दूरच्या कुपीत, दर १५ मिनिटांनी. आकडे बघताना आधी सर्वांत खालचा बघा. तो २ च्या खाली गेला असेल तर मधला पडदा जाड करा, बर्फ वाढवू नका.

फोम कायमचा नसतो. कुपी काढल्यावर खाच पूर्ववत मिटत नसेल, किंवा बंद डबा कानाशी हलवून खुळखुळ ऐकू येत असेल, तर अस्तर बदलायची वेळ झाली. म्हणूनच फोम डब्याला डिंकाने चिकटवू नये, नुसता दाबून बसवावा. तसा तो बाहेर काढून धूळ झटकताही येते.

केसासारखीच चीर आहे, औषध सांडलेलं नाही. वापरलं तर?

वापरू नये. चिरेतून द्रव बाहेर येत नसला तरी जंतू आत जाऊ शकतात, आणि तडकलेल्या जागेचे काचेचे डोळ्यांना न दिसणारे कण औषधात मिसळलेले असू शकतात. ते गाळून औषध पुन्हा निर्जंतुक होत नाही. कितीही महाग असलं तरी ते टाकायचं, आणि खाचेतला फोमही बदलायचा, कारण काचेचा कण त्यात राहिला तर पुढच्या कुपीला तोच ओरबाडेल. ज्यांचं औषध एक दिवसही चुकून चालत नाही, त्यांनी राखीव कुपी त्याच डब्यात न ठेवता दुसऱ्या छोट्या डब्यात, दुसऱ्या पिशवीत ठेवावी.